आट्यांची कैफियत

काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार पाहून त्यावर चार पाने लिहावीत, अशी संपादकमहाशयांची सूचना होती आणि गेलो तोही त्याच इराद्याने. परंतु खिलारांची शिंगे, दलालांचे रुमाल आणि धुळीचे लोट यांविषयी आजवर इतके लिहून झाले आहे की, बाजाराच्या कडेला एका पत्र्याच्या शेडमधून लेथचा आवाज कानी आला तेव्हा पाय आपसूक तिकडे वळले आणि बैलांचा विषय तेथेच तहकूब झाला.

गावाची सरकारी हकिकत थोडक्यात सांगता येते. भीमा ओलांडून दौंडाकडून नगर जिल्ह्यात – आता अहिल्यानगर म्हणावयाचे – शिरले की श्रीगोंदे तालुक्यातले हे गाव लागते. १८७८ साली खुल्या झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. घोड आणि कुकडीच्या पाण्याने तालुक्यात ऊस आला, उसामागून साखर कारखाने आणि ट्रॅक्टर आले, गोठ्यांमागून दुधाचा धंदा आला. या सर्वांच्या मागोमाग, कोणी आवतण न देता, लेथवाला येतो. त्याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात व्हावयाची नाही.

शेडमधले मिस्त्री पन्नाशी ओलांडलेले, मितभाषी आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा असलेले असे होते. त्यांच्यापुढे एक जुनी हिरो होंडा सीडी १०० उभी होती. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवण्याच्या कड्या, सीटवर पोत्याचे तुकडे, आणि इंजिनाखाली तेलाचा काळा, सतत वाढणारा डाग. मालक दूधवाला शेजारी उकिडवा बसला होता. निदान दोन शब्दांचे होते : ‘आटे गेले.’

चेंबरच्या तळाशी जो बोल्ट असतो आणि जो सोडला की जळके ऑइल खाली येते, त्याचे हे दुखणे. बोल्ट पोलादाचा, चेंबर अ‍ॅल्युमिनियमचे. बोल्टाचा व्यास १२ मिलिमीटर आणि दर फेऱ्याला तो दीड मिलिमीटर आत सरकावयाचा. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांची झुंज लागली म्हणजे कोण हरणार हे सांगावयास नको. पूर्वीच्या राजदूत-येझदी या गाड्या टू-स्ट्रोक. त्यांचे ऑइल पेट्रोलातच मिसळून जळून जाई, आणि गिअरबॉक्सचा बोल्ट वर्षानुवर्षे कोणाच्या स्मरणातही नसे. १९८५ साली सीडी १०० आली, आणि हजार-दोन हजार किलोमीटरला ऑइल बदलण्याचा नवा कुळाचार तिने घरोघर आणला. बोल्ट वारंवार उघडू लागला, वारंवार आवळला जाऊ लागला, आणि तेथेच या व्याधीचा उगम आहे.

आवळण्याविषयी आपल्या लोकांच्या मनात एक दृढ समजूत आहे : जितके घट्ट तितके निर्धास्त. म्हणून १७ च्या पान्याला हातभर पाइप घालून, पाय रोवून बोल्ट आवळला जातो. वस्तुतः तेल अडवण्याचे काम आट्यांचे नव्हेच. ते बोल्टाच्या डोक्याखालील वॉशरचे. तांब्याचा अथवा अ‍ॅल्युमिनियमचा हा वॉशर मऊ असतो, तो किंचित चेपला की तेल थांबते. परंतु तोच जुना, कडक झालेला वॉशर दहा वेळा वापरावयाचा, तेल झिरपले की आणखी आवळावयाचे, आणि शेवटी एके दिवशी पाना हातात अकस्मात हलका फिरू लागतो. त्या हलकेपणाची धास्ती ज्याने अनुभवली आहे, त्यालाच ती कळेल.

पुढचे उपाय दोन जातींचे. पहिल्या जातीत पांढरी टेप गुंडाळणे, एमसील थापणे, किंवा जाडसर बोल्ट जबरीने ठोकून बसवणे ही सर्व कर्मे येतात. बाजारात जाणता शेतकरी बैलाचा जबडा उघडून तो सहादाती की जुळलेला ते पाहतो, त्याचप्रमाणे जुनी गाडी घेणारा जाणता मनुष्य प्रथम वाकून चेंबरचा तळ पाहतो. तेथे एमसीलचा लपका दिसला की पुढची बोलणी खुंटली. मिस्त्रींचा या उपायांवरचा आक्षेप मला मोलाचा वाटला. तेल थांबते की नाही, हे ते विचारतच नाहीत. ‘पुढच्या येळंला उघडायचं कसं?’ एवढाच त्यांचा सवाल असतो. जी दुरुस्ती पुढच्या माणसाला उघडता येत नाही, तिला ते दुरुस्ती म्हणावयास तयार नाहीत.

दुसऱ्या जातीचा एक उपाय म्हणजे हेलिकॉइल, स्टेनलेस तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी, जी भोकात बसून स्वतःच नवे आटे होते. उपाय उत्तम; पण त्याचा आटे पाडावयाचा खास टॅप आणि ती गुंडाळी बाहेरून मागवावी लागते. म्हणून मिस्त्री बुश करतात. जुने भोक साडेसोळा मिलिमीटरचे करावयाचे, त्यात १८ चे आटे पाडावयाचे, आणि बाहेरून १८ चे व आतून १२ चे आटे असलेला बुश त्यात बसवावयाचा.

बुश त्यांनी पितळेचा काढला. पोलादाचा का नाही, असे विचारता उत्तर मिळाले ते एखाद्या प्राध्यापकाला शोभावे : तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते, त्यामुळे पोलादी बुश गरम इंजिनात ढिला पडू पाहतो, पितळेचे फुगणे अ‍ॅल्युमिनियमच्या बरेच जवळ जाते. बुशाला खालच्या अंगाला त्यांनी पातळ कॉलर ठेवली होती. तिचे मर्म मला उशिरा उमगले. बोल्ट आवळताना त्याचे आटे बुशाला खाली खेचतात आणि त्याचे डोके कॉलरला वर दाबते. ओढ आणि दाब ही दोन्ही बुशातल्या बुशात फिटतात, आणि बिचाऱ्या अ‍ॅल्युमिनियमवर त्यांचा भार येत नाही. हे कोणत्या पुस्तकात वाचले, या प्रश्नावर मिस्त्री नुसते हसले. फडताळात टॅपचे दोन वेगळे डबे होते. एक मिलिमीटरचा, दुसरा जुन्या बुलेटसाठी सुताचा, म्हणजे इंची मापाचा. इंग्रज अभियंता व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये ठरवून दिलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा, मिलिमीटरच्या आट्यांचा ६० चा; दोहोंची सरमिसळ करणाऱ्या पोऱ्याला शेडमध्ये थारा नाही.

बुश हा मात्र या कामातला सोपा भाग. इंजिन उतरवावयाचे नसेल तर गाडी आडवी करावी लागते, आणि आडवी करण्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करून बॅटरी काढून ठेवावी लागते. चेंबरच्या तळाचा तो उंचवटा १८ चे भोक सोसण्याइतका जाड आहे की नाही, हे कॅलिपर लावून पाहावे लागते. नसेल तर १६ वर भागवून बुशाची भिंत जेमतेम एक मिलिमीटरची राहते. टॅप तिरका गेला तर बोल्टाचे डोके एकाच कडेवर टेकते आणि तेल जन्मभर झिरपते. म्हणून मिस्त्रींनी लेथवर एक जाड कडे कातून ठेवले आहे, ते तोंडाशी धरून त्यातूनच टॅप सरळ आत घालतात. केरोसीनचा थेंब, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलेले, कीस त्यात चिकटावा म्हणून. कारण कीस आत राहिला तर ऑइलपंपाच्या जाळीपर्यंत पोहोचावयास त्याला एक चक्करही पुरे. तरीदेखील शेवटी वरून डिझेल ओतून चेंबर दोनदा धुतलेच.

आणि टॅपच आत तुटला तर? मिस्त्रींचा हात क्षणभर थांबला. तुटलेला टॅप ड्रिलने निघत नाही, कारण तो ड्रिलइतकाच कठीण असतो. मग इंजिन खोलून चेंबर सुटे करावयाचे आणि तुरटीच्या दाट, कढत पाण्यात ठेवावयाचे. तुरटी पोलाद हळूहळू खाते, अ‍ॅल्युमिनियमला फारशी शिवत नाही. न्हाव्याच्या पेटीतला खडा असा येथे कामास येतो. पण त्यात दिवस जातात, आणि दूधवाल्याचे गणित तासांचे असते.

तासांचाच तंटा अखेरीस उभा राहिला. बुशाच्या बाहेरच्या आट्यांना लॉकटाइट लावून तो बसवला, कडेला सेंटर पंचचे तीन ठोके दिले. हा द्रव हवा तुटली की घट्ट होतो. अर्ध्या तासात धरतो खरा, पण पुरता पिकावयास रात्र जाते. त्याआधी गाडी तापली आणि बुश ढिला झाला, तर पुढच्या ऑइलच्या वेळी बोल्टाबरोबर तोही फिरून बाहेर येणार.

‘मिस्त्री, सांजचं दूध हाय. आवळा अन् द्या की आता,’ दूधवाला म्हणाला.

‘सकाळी न्या.’

‘आवो, दोन गावचं दूध हाय. डेअरी थांबती व्हय?’

‘मग पुढल्या म्हयन्यात चेंबर घिऊन या, नवं.’

नव्या चेंबरचा दर दूधवाल्यास ठाऊक असावा, कारण तो गप्प झाला. मिस्त्रींनी किल्ली काढून सदऱ्याच्या खिशात टाकली. जनावरे उतरवून रिकामा परतणारा एक टेंपो रस्त्यावर उभा होता. त्याच्या ड्रायव्हरशी भाड्याची घासाघीस करून दूधवाल्याने किटल्या त्यात चढवल्या, आणि निघता निघता खिडकीतून मान बाहेर काढून ओरडला, ‘सकाळी वाईच जास्तीच आवळा, मिस्त्री!’ मिस्त्रींनी लेथ सुरू केला होता. त्यांना ते ऐकू गेले नाही, किंवा त्यांनी तसे भासवले.