फवारणी आणि माणसाचा जीव

१९१७ साली नव्हे, तर अगदी अलीकडे, २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मरण पावले. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी पीक माणसाच्या डोक्याच्याही वर वाढले होते. साहजिकच फवाऱ्याचे तोंड वर धरावे लागे आणि विषारी तुषार फवारणाऱ्याच्याच अंगावर येत. त्यात दमट उकाडा, घामाने भिजलेले उघडे अंग आणि दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवण्याची घातक रीत!

आपल्या खेड्यांत या विषाला 'औषध' म्हणतात. हा शब्दच घात करतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण औषधाला कोणी भीत नाही.

मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके कीटकांच्या मज्जासंस्थेवर आघात करतात. माणसाच्या शरीरातही त्यांचे कार्य तेच. मज्जातंतूंचे संदेश थांबविणारे विकर निकामी होते. लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, श्वास कोंडतो. विष पोटातच जावे लागते असे नाही, ते त्वचेतूनही शिरते. अशा वेळी रुग्णाचे कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि डबा किंवा त्यावरील पत्रक घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. कोणते विष आहे हे कळल्यावाचून डॉक्टरांना उपचाराची दिशा ठरविणे कठीण जाते.

कीटकनाशके अधिनियम, १९६८ व त्याखालील नियमांनुसार प्रत्येक डब्यावर रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल सर्वांत जहाल. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा या क्रमाने तीव्रता उतरते. पत्रकावरील बारीक अक्षरे शेतात कोण वाचणार? रंग मात्र निरक्षर मजुरासही ओळखता येतो. शाळेतील मुलांना तो शिकविला, तर घरोघरी पोहोचेल.

तथापि हातमोजे व मुखवटा हा अर्धाच उपाय होय. फवारण्यांची संख्या कमी होणे हे खरे कार्य. वारंवारच्या फवारणीने किडींत प्रतिकारशक्ती निर्माण होते, आणि मावा-तुडतुडे फस्त करणारे ढालकिडे व क्रायसोपा हे मित्रकीटक आधी मरतात. मग कीड अधिकच बळावते. म्हणून शेजाऱ्याने फवारले एवढ्यावरून पंप उचलू नये. शेतात कामगंध सापळे लावावेत. सापळ्यात दर रात्री गुलाबी बोंडअळीचे सरासरी आठ पतंग याप्रमाणे सलग तीन रात्री सापडले, तरच कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोहोचली असे कृषिशास्त्रज्ञ मानतात.

प्रारंभीच्या किडींसाठी पाच टक्के निंबोळी अर्क उपयुक्त ठरतो. वाळलेल्या पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी अर्क फडक्याने गाळावा, थोडा साबण मिसळून शंभर लिटर द्रावण करावे व त्याच दिवशी फवारावे. यास खर्च जवळजवळ नाही, लागते ती आधीची तजवीज. पावसाळ्याच्या तोंडाशी निंबोळ्या झाडाखाली पडून कुजतात आणि ऑगस्टमध्ये गावात शोधूनही मिळत नाहीत. ग्रामपंचायतीने जूनमध्येच त्या वेचून, सावलीत वाळवून ठेवण्याची व्यवस्था केली, तर कपाशीची पहिली फवारणी तरी विषाविना होऊ शकेल.