पाहता पाहता मोडणारे स्फटिक

मीठ वितळवावयाचे तर ८०१ अंश सेल्सिअस उष्णता लागते. असा चिवट स्फटिक नुसत्या पाहण्याने मोडतो, असे आम्ही म्हटले तर श्रोत्यांना थट्टा वाटेल. पण ती वस्तुस्थिती आहे.

१९३१ साली बर्लिनमध्ये माक्स क्नोल व एर्न्स्ट रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांच्या झोताने पाहणारे सूक्ष्मदर्शक यंत्र उभे केले. आज अशा यंत्रांत पुष्कळदा एक ते तीन लक्ष व्होल्टांचा दाब वापरतात. हा झोत स्फटिकाची दोन तऱ्हांनी नासधूस करतो.

पहिली तऱ्हा टकरीची. इलेक्ट्रॉन अतिशय हलका. गोटीने तोफेचा गोळा ढकलावा तसा हा प्रकार. एक लक्ष व्होल्टांचा इलेक्ट्रॉन कार्बनच्या अणूवर नेमका समोरून आदळला, तरी त्याला सुमारे २० इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढीच ऊर्जा देऊ शकतो. सोन्याच्या जड अणूला जेमतेम १.२. तांब्याच्या आतला अणू जागचा उठवावयाचा तर सुमारे चार लक्ष व्होल्ट लागतात. म्हणजे दाब कमी ठेवला की ही टक्कर टळते.

दुसरी तऱ्हा अधिक घातक. मिठात सोडियम व क्लोरिन आळीपाळीने बसलेले असतात. झोत क्लोरिनपाशी असलेल्या इलेक्ट्रॉनाला चाळवतो. त्या ऊर्जेने क्लोरिन आपली जागा सोडतो व रिकाम्या जागेत एक इलेक्ट्रॉन अडकून राहतो. अशा जागांमुळे शुभ्र मीठ पिवळट तपकिरी दिसू लागते. मारा चालूच राहिला तर क्लोरिन वायू होऊन निसटतो आणि मागे सोडियम धातूचे कण साचतात.

मग धातू का वाचतात? त्यांच्यात मोकळे इलेक्ट्रॉन पुष्कळ. एकाची जागा रिकामी झाली की, अणू हलण्याच्या आतच शेजारचे धावून येऊन ती भरून काढतात. मिठात असा धावून येणारा शेजारी नाही. संघटनेच्या कामात आयुष्य गेलेल्या आम्हांला हे उदाहरण फार मोलाचे वाटते.

उपाय आहेत, पण सोपे नाहीत. दाब उतरवला तर टक्कर टळते, पण ही दुसरी नासधूस वाढते. नमुना अतिथंड केला तर मोडतोड मंदावते, थांबत नाही. म्हणून शहाणा संशोधक झोताची मात्रा मोजून घेतो, आणि समोरचे चित्र स्फटिकाचे की आपणच केलेल्या नासाडीचे, हे आधी स्वतःला विचारतो. दुसऱ्यांची स्थिती पाहावयास जाणाऱ्या आपणां सर्वांनाच हा प्रश्न लागू आहे.