संगणकाच्या पोटातील दुसरी कचेरी

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बोरीसारख्या गावात, जेथे घरात एखादा लॅपटॉप असलाच तर थोरल्या मुलाचा अभ्यास, धाकटीच्या परीक्षेचे अर्ज, पीकविम्याची कागदपत्रे आणि आप्तेष्टांच्या लग्नाची छायाचित्रे या सर्वांचा भार त्या एकाच यंत्रावर पडलेला असतो, तेथे संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात हात घालून पाहा’ असा उपदेश करणे शहरातील प्राध्यापकांना जितके सोपे, तितकेच त्या विद्यार्थ्याला तो अमलात आणणे कठीण असते. कर्नल म्हणून ओळखला जाणारा हा गाभा बनवताना एक पर्याय चुकला, तर यंत्र पुन्हा सुरू होईलच याची हमी नसते. आणि सुरू न झालेल्या यंत्राची झळ त्या विद्यार्थ्याबरोबर सगळ्या घराला लागते. या अडचणीवर पंचवीसहून अधिक वर्षांपूर्वी निघालेला आणि आजही लिनक्सच्या अधिकृत मूळ संहितेत नांदणारा एक तोडगा आहे. त्याचे नाव यूजर-मोड लिनक्स, संक्षेपाने यूएमएल. तो चालवण्यापेक्षा तो घडवताना जी निवड करावी लागते, ती निवडच या लेखाचा विषय आहे, कारण माझ्या मते या विषयातील खरे शिक्षण तेथेच दडलेले आहे.

कर्नल म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. तालुक्याच्या कचेरीत कोणाही रयतेला थेट दप्तरखान्यात शिरून सातबाऱ्यावर लेखणी चालवता येत नाही. अर्ज द्यावा लागतो, कारकून तो दाखल करून घेतो, हक्क तपासतो, आणि मग जे काय ते आतल्या माणसांच्या हातून होते. संगणकातही हाच शिरस्ता आहे. आपण वापरतो ते ब्राउझर, लेखनाचे साधन, गाण्यांचे साधन हे सारे कार्यक्रम रयतेच्या पायरीवर, म्हणजे यूजर स्पेसमध्ये असतात. स्मृती, डिस्क, पडदा, नेटवर्क यांचा ताबा मात्र कर्नलकडे असतो, आणि प्रोसेसरच त्याला तो विशेषाधिकार बहाल करतो. कार्यक्रमाला फाइल उघडायची असेल तर त्याने कर्नलकडे रीतसर विनंती करावयाची. या विनंतीला सिस्टिम कॉल म्हणतात. एखादा कार्यक्रम कोसळला तर त्याचा तो कोसळतो, परंतु कर्नल कोसळला म्हणजे सारा कारभारच ठप्प होतो.

आता एखाद्याने असे ठरवले की एक संपूर्ण कचेरीच, तिच्या शिक्क्यांसह व दप्तरांसह, दुसऱ्या कचेरीच्या दारात सामान्य अर्जदार म्हणून उभी करावी, तर ते जितके विक्षिप्त वाटेल तितकीच विक्षिप्त कल्पना जेफ डाइक या अमेरिकन प्रोग्रामरला सुचली आणि 1999 मध्ये त्याने ती जगासमोर मांडली. लिनक्स कर्नल निरनिराळ्या प्रोसेसरांवर चालावा म्हणून त्याच्या संहितेत प्रत्येक प्रोसेसरासाठी एक स्वतंत्र विभाग असतो. डाइकने असा एक विभाग लिहिला की ज्याच्या दृष्टीने ‘प्रोसेसर’ म्हणजे दुसरे काही नसून खाली चालू असलेले लिनक्सच होते. यंत्राच्या घड्याळाचा ठोका येथे सिग्नलच्या रूपाने येतो, डिस्क म्हणजे यजमान, म्हणजे खालच्या खऱ्या, यंत्रावरील एक साधी फाइल असते, भौतिक स्मृती म्हणजेही एक फाइलच, आणि आतल्या कार्यक्रमाने आपल्या कर्नलला केलेली विनंती यजमान कर्नलच्या पीट्रेस या सोयीने मधल्यामध्ये अडवून आतल्या कर्नलच्या स्वाधीन केली जाते. सप्टेंबर 2002 मध्ये, 2.5 या विकसनशील मालिकेत, हे काम लिनक्सच्या मुख्य संहितेत दाखल झाले. या सर्व खटाटोपाचे फलित म्हणजे ‘लिनक्स’ याच नावाची एक फाइल, जी सामान्य वापरकर्त्याला कोणत्याही खास परवान्याशिवाय चालवता येते आणि नको झाली की बंद करता येते.

ती फाइल घडवण्यापूर्वी पर्यायांची यादी भरावी लागते, आणि ही यादी पाहून भलेभले दचकतात. 1991 साली लिनस टोरवाल्ड्सने प्रसिद्ध केलेली पहिली संहिता सुमारे 10,000 ओळींची होती. तिच्यात निवडण्यासारखे फारसे काही नव्हते. पुढे प्रत्येक नव्या उपकरणाबरोबर, प्रत्येक नव्या फाइल-व्यवस्थेबरोबर, प्रत्येक नव्या नेटवर्क-नियमाबरोबर एकेक पर्याय वाढत गेला, आणि आज त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. या पर्यायांची व्यवस्था लावण्यासाठी जी पद्धत 2002 च्या अखेरीपासून रूढ आहे ती रोमन झिपेल यांची केकॉन्फिग होय.

केकॉन्फिगमध्ये पुष्कळशा पर्यायांना तीन उत्तरे संभवतात. ‘होय’ म्हटले तर तो भाग कर्नलमध्येच कायमचा बांधला जातो. ‘नाही’ म्हटले तर तो घेतलाच जात नाही. आणि ‘मॉड्यूल’ म्हटले तर तो अलग फाइल म्हणून तयार होतो व गरज पडेल तेव्हा आत घेता येतो. यापलीकडे प्रत्येक पर्यायाला आपली एक वंशावळ असते: अमुक पर्याय तमुक पर्यायावर अवलंबून आहे, अमुक घेतला की तमुक आपोआप घ्यावाच लागतो. यादीत एखादा पर्याय शोधूनही दिसत नसेल, तर त्याचे कारण बहुधा असे असते की ज्याच्या आधाराने तो उभा राहावयाचा तो आधारच आपण आधी नाकारलेला असतो. मेनूकॉन्फिग या निळ्या पडद्यावर तिरकी रेघ दाबली की नाव शोधता येते आणि प्रश्नचिन्ह दाबले की मदतीचा मजकूर येतो. तो मजकूर इंग्रजीत असतो, परंतु बऱ्याच ठिकाणी तो इतका स्वच्छ व निःसंकोच लिहिलेला आहे की, ‘ठाऊक नसेल तर नाही म्हणा’ असा सल्लाही त्यात उघडपणे दिलेला सापडतो. सरकारी अर्जांवर अशी एखादी सूचना छापली असती तर किती बरे झाले असते!

यूएमएलसाठी हीच यादी उघडताना आज्ञेत ‘आर्च=यूएम’ एवढी छोटी खूण जोडावी लागते, आणि नवशिक्यांचे पुष्कळसे हाल याच खुणेपाशी होतात. ती यादी उघडताना दिली आणि प्रत्यक्ष बांधणीच्या वेळी विसरली, तर बांधणी निमूटपणे खऱ्या यंत्राच्या कर्नलकडे वळते, भरलेली निवड बदलून टाकते, आणि मग ‘मेक एमआरप्रॉपर’ करून पाटी कोरी करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. खूण नीट दिली म्हणजे मात्र एक अद्भुत दृश्य दिसते: ग्राफिक्स कार्डे, ध्वनीची यंत्रे, यूएसबीचे असंख्य प्रकार, सारे काही यादीतून जवळजवळ लुप्त झालेले असते, कारण या कर्नलच्या खाली धातूचे यंत्रच नाही. उरतात ते प्रक्रियांचे वेळापत्रक, स्मृतीची वाटणी, फाइल-व्यवस्था आणि नेटवर्कचे नियम. कर्नलचा तात्त्विक सांगाडा समजून घेऊ इच्छिणाऱ्याला याहून सोयीची यादी मिळणे नाही, आणि ड्रायव्हरांचे ओझे नसल्याने बांधणीलाही पुष्कळ कमी वेळ लागतो.

या उरलेल्या यादीत यूएमएलचे असे खास काही पर्याय आहेत. त्यांतला पहिला यूबीडी, म्हणजे फाइललाच डिस्क मानणारे उपकरण. याची खुबी अशी की मूळ फाइलला हात न लावता सारे बदल दुसऱ्या फाइलीत साठवता येतात. त्यामुळे आतल्या कर्नलने डिस्कचा कितीही सत्यानाश केला तरी ती दुसरी फाइल पुसून टाकली की मूळ स्थिती जशीच्या तशी परत मिळते. दुसरा पर्याय होस्टएफएस. त्याच्यामुळे यजमान यंत्रावरील एखादे फोल्डर आतून पाहता येते. सोय मोठी, पण जोखीमही तितकीच, कारण मर्यादा घातली नाही तर यूएमएल ज्याने चालवले त्याच्या साऱ्या फाइली आतल्या वापरकर्त्याला खुल्या होतात. परक्याची संहिता तपासून पाहावयाची असेल त्याने या पर्यायाला सरळ ‘नाही’ म्हणावे, हे माझे मत आहे. तिसरा व्यवस्थापन-कन्सोलचा, ज्याच्या साह्याने बाहेरून आतल्या कर्नलला थांबवता, पुन्हा चालवता किंवा नवे उपकरण जोडून देता येते. चौथा स्टॅटिक लिंकचा: तो स्वीकारल्यास तयार होणारी फाइल यजमानाच्या ग्रंथालयांवर विसंबून राहत नाही, आणि बंदिस्त फोल्डरात कोंडून चालवावयाची असेल तर तो उपयोगी पडतो, घरगुती अभ्यासाला त्याची गरज नाही. नेटवर्कच्या जुन्या मार्गांची गर्दी पूर्वी या यादीत फार असे. 2018 पासून आलेला व्हेक्टर ड्रायव्हर हाच आता पुढचा रस्ता आहे.

आता ‘होय’ आणि ‘मॉड्यूल’ यांतील भेद केवळ वाचून पटत नाही, तो अनुभवाने कसा पटतो ते पाहू. समजा, कर्नल आटोपशीर व्हावा या हौसेने कोणी ईएक्सटी4 या फाइल-व्यवस्थेला ‘मॉड्यूल’ केले. कर्नल सुरू होतो, मूळ डिस्क उघडू पाहतो, आणि ती ईएक्सटी4 मध्ये असल्यामुळे त्याला ते मॉड्यूल हवे असते. पण मॉड्यूल ठेवलेले असते त्याच न उघडलेल्या डिस्कवर. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप, अशी गत होऊन कर्नल मूळ फाइल-व्यवस्था जोडता येत नाही असे जाहीर करतो व ‘पॅनिक’ होऊन प्राण सोडतो. खऱ्या यंत्रावर या क्षणी पडदा गोठतो आणि घरातील मंडळी गोळा होतात. यूएमएलमध्ये फक्त एक प्रोसेस संपते, खिडकीत पुन्हा आज्ञेची जागा दिसू लागते, आणि विद्यार्थी पर्याय बदलून पुन्हा बांधणीला लागतो. चूक इतकी स्वस्त झाल्यावर माणूस मुद्दाम चुका करून पाहू लागतो, आणि अवलंबित्वाचे ज्ञान असे मुद्दाम केलेल्या चुकांतूनच पक्के होते.

दोष शोधण्याच्या बाबतीत तर हा फरक अधिकच उठून दिसतो, आणि तेथे महाराष्ट्राचा संबंध येतो. चालत्या कर्नलला मध्येच थांबवून त्याची एकेक ओळ तपासण्याचे जे साधन केजीडीबी म्हणून प्रसिद्ध आहे, ते या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत पुण्यातील अमित काळे यांनी आपल्या लिनसिसॉफ्ट या संस्थेमार्फत सांभाळले. टोरवाल्ड्सला कर्नलच्या पोटात डीबगर असणे मुळातच नापसंत असल्यामुळे ते काम बराच काळ मुख्य संहितेबाहेर, ठिगळांच्या रूपात फिरत राहिले, आणि जेसन वेसेल यांनी त्याची साफसफाई केल्यानंतर 2008 च्या जुलैत, 2.6.26 या आवृत्तीत, ते आत आले. परंतु केजीडीबीच्या त्या जुन्या रीतीत दोन यंत्रे लागत: एकावर तपासावयाचा कर्नल, दुसऱ्यावर तपासनीस, आणि दोहोंमध्ये सीरियल केबल. पुण्याच्या कंपनीत दोन यंत्रे मिळणे अवघड नव्हते. बोरीत एकच आहे. यूएमएलचा कर्नल ही साधी प्रोसेस असल्यामुळे जीडीबी हा नेहमीचा डीबगर त्याला सरळ लावता येतो; त्यासाठी फक्त डीबग-माहितीचा पर्याय ‘होय’ करावा, आणि स्मृतीच्या पानांसाठी यूएमएल जो सेगमेंटेशन-सिग्नल हरघडी वापरते त्याच्याकडे कानाडोळा करण्याची ताकीद जीडीबीला द्यावी, म्हणजे तो पावलोपावली अडून बसत नाही.

यूएमएलची मर्यादा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ते एक्स86 घराण्याच्या प्रोसेसरांवर, लिनक्स यजमानावरच चालते. सिस्टिम कॉल अडवण्याच्या पद्धतीमुळे ते मंद आहे. खऱ्या उपकरणाचा ड्रायव्हर त्यावर शिकता येत नाही. अनेक सर्व्हर एका यंत्रावर भाड्याने देण्याचा उद्योग एकेकाळी त्याच्यावर चालत असे, पण प्रोसेसरांतच आभासीकरणाची सोय आल्यावर त्या सोयीवर चालणाऱ्या केव्हीएमने ती जागा घेतली आणि ते योग्यच झाले. असे असूनही यूएमएल मागे पडून विस्मृतीत गेले नाही, याचे एक कारण केयुनिट. कर्नलच्या लहान लहान भागांची चाचणी घेणारी ही चौकट, गूगलमधील ब्रेंडन हिगिन्स यांच्या पुढाकाराने, 2020 च्या प्रारंभी आलेल्या 5.5 या आवृत्तीत सामील झाली. आणि तिची आज्ञा इतर काही न सांगता दिली तर ती चाचण्यांसाठी यूएमएलचाच कर्नल बांधते, कारण त्याला ना वेगळे यंत्र लागते ना वेगळा परवाना.

जिंतूर आणि परभणीकडील महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय आजही मुख्यत्वे फळ्यावर शिकवला जातो, अशी तक्रार अनेकांकडून ऐकू येते. ती दूर करण्यास नव्या प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. लिनक्सची प्राथमिक ओळख आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने मराठीतून करून दिलेलीच आहे. त्यापुढे सुमारे 150 मेगाबाइटची संहिता एकदा उतरवून घ्यावी, ती उलगडून बांधण्यासाठी दोन-तीन गिगाबाइट जागा राखावी, जीसीसी, फ्लेक्स, बायसन आणि एनकर्सेस ही साधने बसवावीत, आणि आरंभ नेहमी डेफकॉन्फिगपासून, म्हणजे संहितेबरोबरच येणाऱ्या ठरावीक निवडीपासून करावा. आपली निवड डॉट-कॉन्फिग या फाइलीत साठते; प्रत्येक फेरबदलापूर्वी तिची नक्कल ठेवावी, एका वेळी एकच पर्याय बदलावा, दोन नकलांतील फरक डोळ्यांखालून घालावा, आणि ‘आर्च=यूएम’ ही खूण प्रत्येक आज्ञेत न चुकता लिहावी. शिक्षकांनी पहिला पाठ म्हणून विद्यार्थ्यांना ईएक्सटी4 मॉड्यूल करावयास सांगून तो ‘पॅनिक’ त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्यावा, एवढी माझी विनंती आहे.