फोन नाना पटोलेंचा, कागदावर अमजद खान

जुलै २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेत सांगितलं, की २०१६-१७ मध्ये ते खासदार असताना त्यांचा फोन टॅप होत होता. कागदावर नाव होतं ‘अमजद खान’, आणि कारण अमली पदार्थ. शेजारच्या अमरावतीचे आमदार बच्चू कडू यांच्या नंबरापुढे ‘निजामुद्दीन बाबू शेख’ लिहिल्याचंही समोर आलं.

हे जमतं कसं? १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात सार्वजनिक सुरक्षिततेसाठी फोन ऐकायची मुभा होती. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये अटी घातल्या: गृहसचिवांचा आदेश, दोन महिन्यांत समितीची तपासणी, जास्तीत जास्त सहा महिने. पण परवानगी मागायला जज्जसमोर जावंच लागत नाही. सचिवांपुढे येतो तो पोलिसांचा कागद. त्यावर खासदाराचं नाव असतं तर दहा प्रश्न निघाले असते. अमजद खान आणि ड्रग्ज म्हटल्यावर कोण विचारतो?

पटोले सभागृहात बोलू शकले. पुसद-दिग्रसच्या खऱ्याखुऱ्या अमजदला तर कळणारही नाही, कारण ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवण्याचं बंधन कायद्यात नाही.

पुण्यात २०२२ ला गुन्हा नोंदला गेला, हायकोर्टाने २०२३ मध्ये तो रद्द केला. त्याच वर्षी नवा दूरसंचार कायदा आला. आदेश आणि तपासणी, दोन्ही अजून सरकारी अधिकाऱ्यांकडेच आहेत.