कंटेनरमधील पोकळी आणि हवेच्या पिशव्या

सप्तशृंगीच्या डोंगरापासून गिरणेच्या खोऱ्यापर्यंत पसरलेल्या कळवण तालुक्यात उन्हाळी कांदा, डाळिंब व द्राक्षे ही पैशाची पिके म्हणून आता चांगलीच रुजली आहेत. चणकापूर व पुनंद या धरणांच्या पाण्याचा या भागाला मोठाच आधार झाला. माल पिकविण्याचे तंत्र शेतकऱ्यांनी कष्टाने आत्मसात केले. प्रतवारी व पेट्या भरणे यांतही पुष्कळ सुधारणा झाली. तथापि शेतातून निघालेला माल परदेशच्या बाजारात पोहोचेपर्यंत वाटेत त्याचे काय होते, याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. कंटेनरचे दार एकदा बंद होऊन त्याला मोहर लागली, की आत घडते ते कोणालाच दिसत नाही. दिसतो तो केवळ शेवट: चेपलेले खोके, कलंडलेल्या थप्प्या आणि खरेदीदाराने कापून घेतलेली रक्कम.

कळवणहून देवळा-चांदवडमार्गे अथवा नांदुरी-वणीमार्गे निघालेला कंटेनर मुंबई-आग्रा महामार्गास लागतो, कसारा घाट उतरतो आणि अडीचशे किलोमीटरांहून अधिक मजल मारून रायगड जिल्ह्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात पोहोचतो. हे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. घाटात वाहनचालक करकचून ब्रेक लावतो तेव्हा माल पुढे झेपावतो. वळणावर तो बाहेरच्या बाजूस रेटला जातो. पुढे समुद्रात जहाज डावी-उजवीकडे झुकते, आणि हा हेलकावा घाटातील वळणाप्रमाणे एकदाच येऊन थांबत नाही. तो दिवसरात्र चालू राहतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांनी मिळून कंटेनर भरण्याविषयी जी आचारसंहिता २०१४ मध्ये मान्य केली, तीत या धक्क्यांचे प्रमाण दिले आहे. रस्त्यावर पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या आठ दशांशाइतका, तर मागे व बाजूंना निम्म्या वजनाइतका रेटा धरावा लागतो. खवळलेल्या समुद्रात बाजूचा रेटाही वजनाच्या आठ दशांशापर्यंत जातो. म्हणजे एक टनाची थप्पी बाजूस ८०० किलोग्रॅमच्या जोराने सरकू पाहते.

सरकण्यास वाव मिळतो तो पोकळीमुळे. वीस फुटी साध्या कंटेनरची आतील रुंदी सुमारे २.३५ मीटर असते. १.२ मीटर लांब व १ मीटर रुंद अशा दोन लाकडी पाटांपैकी, ज्यांना व्यापारात पॅलेट म्हणतात, एक आडवा व एक उभा ठेवला तर दोहोंनी मिळून २.२ मीटर जागा व्यापली जाते. उरते ती पंधरा सेंटिमीटरची, वीतभरही नसलेली फट. ही फट क्षुल्लक वाटते. परंतु एका बाजूची थप्पी तेवढे अंतर सरकून दुसरीवर आदळते तेव्हा खालच्या थरातील खोक्यांचे कोपरे प्रथम चेपतात, आणि कोपरा चेपला की वरचा सारा भार तिरका होतो.

पोकळी भरण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. कुंभार बाजारास मडकी नेताना दोन मडक्यांमध्ये पेंढा दाबून बसवितो, कोकणातला बागायतदार आंब्याच्या पेटीत पेंढ्याचा थर देतो. शासकीय गोदामांतून धान्याच्या पोत्यांखाली लाकडी चौकटी अंथरतात, त्यांना तेथील कामगार ‘डनेज’ म्हणतात, हे पुष्कळांस ठाऊक असेल. हा शब्द मूळचा जहाजावरचा. मालाला आधार देण्यासाठी व तो हलू नये म्हणून त्याच्या खाली अथवा मध्ये जे काही घातले जाते ते डनेज. पूर्वी याकामी लाकडाच्या फळ्या व ओंडकेच वापरीत. आता त्यांच्या जोडीला हवेच्या पिशव्या आल्या आहेत.

या पिशवीची रचना साधी आहे. आत प्लॅस्टिकचा हवाबंद फुगा, बाहेर जाड तपकिरी कागदाच्या घड्या किंवा विणलेल्या प्लॅस्टिकचे आवरण, आणि एका कोपऱ्याला हवा भरण्याची झडप. रिकामी पिशवी चटईसारखी सपाट असते. ती दोन थप्प्यांमधील फटीत सोडावयाची व कॉम्प्रेसरने हवा भरावयाची. पिशवी फुगत जाऊन दोन्ही थप्प्यांना आपापल्या भिंतीशी घट्ट दाबून धरते. जहाज डावीकडे झुकले की उजवी थप्पी पिशवीवर रेलते, पिशवी तो भार डाव्या थप्पीवर पसरविते व डावी थप्पी तो भिंतीला देते. कंटेनरच्या बाजूच्या भिंती आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्यात मावणाऱ्या कमाल मालाच्या वजनाच्या सहा दशांश इतका पसरलेला भार सोसतील अशा तपासलेल्या असतात. पुढची भिंत व दारे मात्र केवळ चार दशांश. हा भार पसरलेला असला तरच हे खरे. एखाद्या ओंडक्याचे टोक पातळ पन्हळी पत्र्यावर टेकविले तर पत्रा बाहेर येण्यास वेळ लागणार नाही. पिशवीचा मोठा गुण हाच, की ती टोचत नाही, कवेत घेते.

दाबाविषयी एक गैरसमज येथेच दूर करावयास हवा. ट्रॅक्टरच्या मागील चाकात साधारण एक बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम इतका हवेचा दाब असतो. या पिशव्यांचा दाब त्याच्या एकदशांश ते एकपंचमांशच असतो. एवढ्याशा दाबाने टनभर माल कसा अडेल? उत्तर क्षेत्रफळात आहे. एक टनाच्या थप्पीवर ८०० किलोग्रॅमचा रेटा आला. त्यातील सुमारे ३०० किलोग्रॅम पाट व जमीन यांच्या घर्षणाने अडले असे धरले, तर उरतात ५००. पन्नास सेंटिमीटर रुंद व एक मीटर उंच एवढ्या जागेत, म्हणजे ५,००० चौरस सेंटिमीटरवर पिशवी टेकली असेल तर अवघ्या ०.१ किलोग्रॅमच्या दाबाने तेवढा रेटा तोलला जातो. थप्पी रेलल्यावर पिशवी दबते व आतील दाब आणखी वाढतो. म्हणूनच फुगविण्याचा दाब व फुटण्याचा दाब यांत भरपूर अंतर राखावे लागते. उपरोक्त आचारसंहितेत एकदाच वापरावयाच्या पिशवीची ताकद तिच्या फुटण्याच्या दाबाच्या तीन चतुर्थांशच धरण्यास सांगितले आहे, आणि पुनःपुन्हा वापरावयाच्या पिशवीची निम्मी. पंक्चर काढणाऱ्याच्या कॉम्प्रेसरने अंदाजाने हवा भरणे म्हणजे पिशवी फोडण्याचीच तयारी होय. दाब दाखविणारी तबकडी बसविलेली बंदूक यासाठी अवश्य घ्यावी.

आता कळवणसारख्या पठारावरील गावाला विशेष लागू पडणारी एक गोष्ट. पिशव्या विकणाऱ्याच्या माहितीपत्रकात ती क्वचितच आढळते. नाशिकचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर बाहेरील हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबापेक्षा सुमारे ०.०७ बारने कमी असतो. चाकाच्या दृष्टीने हा फरक नगण्य. पण जिचा स्वतःचा दाबच ०.१५ बार आहे अशा पिशवीच्या दृष्टीने तो फार मोठा ठरतो. कळवणला ०.१५ बारपर्यंत फुगविलेली पिशवी घाट उतरून न्हावा-शेव्यास पोहोचली, की बाहेरची हवा जड झाल्याने तिचा जोर जवळजवळ निम्म्याने घटतो. पिशवी कोठे फुटलेली नसते, झडपही गळत नसते; तरी ती सैल पडलेली असते.

उष्णतेचा परिणाम याहूनही जास्त. बंद जागेतील हवा तापली की तिचा दाब वाढतो, थंड झाली की घटतो. पहाटेच्या गारव्यात, समजा २५ अंशांवर, भरलेला साधा कंटेनर भर उन्हात उभा राहिला आणि आतील हवा ५० अंशांपर्यंत तापली, तर पिशवीतील ०.१५ चा दाब पाव बारच्या घरात जातो. शीत कंटेनरमध्ये नेमके उलट घडते. दुपारी ३५ अंशांच्या हवेने फुगविलेली पिशवी पुढे ५ अंशांच्या थंडीत राहिली, आणि त्यात पठारावरून खाली उतरण्याचा परिणाम मिळाला, तर हिशेबाने तिच्यात दाब असा काही उरतच नाही. द्राक्षांच्या वा डाळिंबाच्या खोक्यांमध्ये ती निव्वळ लोंबकळत राहील. यास्तव शीत कंटेनरमध्ये पिशव्या वापरावयाच्याच असतील तर त्या भरल्यावर आतील हवा थंड होऊ द्यावी, नंतर तबकडी लावून पुन्हा हवा भरावी आणि पायथ्याशी होणारी घट ध्यानी घेऊन, उत्पादकाने पिशवीवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत राहून, दाब ठेवावा. मागील रांगांपर्यंत हात पोहोचत नसल्याने हे काम रांगेगणिक करावे लागते. ज्यांना एवढी सवड नाही त्यांनी शीत कंटेनरसाठी जाळीदार पुठ्ठ्याचे ठोकळे, कोपऱ्यांना उभ्या पट्ट्या व घट्ट आवळपट्ट्या यांवरच भिस्त ठेवलेली बरी.

शीत कंटेनरमध्ये आणखी एक पथ्य आहे. तेथे थंड हवा जमिनीच्या खाचांतून पुढे जाते, मालातून वर चढते आणि छताखालून परत येते. पिशवीने वाट अडविली तर हवा सोप्या मार्गाने निघून जाते व मधला माल उबत राहतो. छताजवळची लाल रेषा ओलांडून माल भरू नये, हा नियम याच कारणासाठी आहे.

मग कांद्याचे काय? कळवणच्या शेतकऱ्याच्या मनात हा प्रश्न प्रथम येणार. स्पष्टच सांगावयाचे तर जाळीच्या गोण्यांतील कांद्यास या पिशव्यांचा उपयोग नाही. पिशवीला टेकावयास सपाट व ताठ बाजू लागते. गोणीवर ती दाबली की गोणी आत जाते, कांदे घासतात, सालपट निघते, आणि ज्या मालाला वाऱ्याची सर्वाधिक गरज त्याच्याच अंगाशी प्लॅस्टिकची भिंत उभी राहते. चाळीत कांदा ठेवताना वाऱ्याची वाट मोकळी ठेवावी हे ज्याला समजले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावयास नको. गोण्या एका थरात उभ्या तर पुढच्या थरात आडव्या, अशा गुंफून भिंतीपासून भिंतीपर्यंत लावल्या, की त्या एकमेकींना धरून राहतात. हवेच्या पिशव्यांची खरी जागा आहे ती पाटावर आवळलेल्या खोक्यांच्या थप्प्यांत व पिंपांत: बेदाणा, वाळविलेल्या कांद्याच्या चकत्या, फळांचा गर, द्राक्षमद्याच्या पेट्या.

लाकडी डनेज सोडून पिशवीकडे वळण्याचे एक कारण शेतीखात्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. लाकडातून किडे व सूत्रकृमी एका देशातून दुसऱ्या देशात जातात. ते रोखण्यासाठी २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करारान्वये पंधराव्या क्रमांकाचे मानक करण्यात आले. त्यानुसार लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे तापवावे लागते, किंवा अन्य मान्य प्रक्रिया करून त्यावर गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला शिक्का उमटवावा लागतो. ऐन वेळी वखारीतून आणलेला बिनशिक्क्याचा एखादा ओंडका थप्पीत अडकविला, तर निर्दोष फळांचा संपूर्ण कंटेनर परक्या बंदरात अडकून पडू शकतो. कागदी वा प्लॅस्टिकच्या पिशवीला हे बंधन नाही. पाट लाकडी असतील तर त्यांवरील शिक्के मात्र पाहिलेच पाहिजेत.

पिशवी बसविताना ती जमिनीला टेकवू नये. चार बोटे वर राहावी, म्हणजे ओल लागत नाही व खरडली जात नाही. वरच्या अंगास ती मालाच्या उंचीबाहेर जाऊ नये. पाटाचा खिळा, पट्टीचे टोक, खोक्याची पिन यांवर हात फिरवून पाहावा आणि शंका असेल तेथे पुठ्ठा घालावा. फट फार रुंद असेल तर पिशवी गोल होते, तिचा टेकण्याचा भाग कमी होतो व जोर घटतो. एका पिशवीच्या जागी दोन कोंबण्यापेक्षा थप्प्याच जवळ घेणे शहाणपणाचे. हवा भरताना माणसाने दोन थप्प्यांमध्ये उभे राहू नये.

दाराजवळची पोकळी पिशवीने कदापि भरू नये. दारे उघडताच पिशवी मोकळी होऊन त्यामागील माल उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. फुगलेल्या पिशवीच्या रेट्याने दाराचा पल्ला त्याच्या छातीवर आपटू शकतो. तो मजूर दुबईचा असो वा रॉटरडॅमचा, त्याला आत काय आहे हे दिसत नसते. शेवटच्या रांगेपुढे शिक्क्याच्या लाकडी आडपट्ट्या दोन्ही कडांच्या खोबणींत अडकवून माल रोखावा. दार लावण्यापूर्वी प्रत्येक रांगेचे छायाचित्र काढून त्यावर तारीख व पिशवीचा दाब नोंदवावा. पुढे नुकसानीचा वाद उपस्थित झाल्यास शेतकरी उत्पादक कंपनीच्या हाती दाखविण्यासारखा तेवढाच पुरावा राहतो.

माल उतरविताना प्रथम झडप उघडून हवा जाऊ द्यावी, थप्पी सैल झाली का हे बाजूस उभे राहून पाहावे, मगच पाट ओढावा. एकदाच वापरावयाची कागदी पिशवी तेथेच फाडून टाकावी, म्हणजे कोणी ती दुसऱ्या फेरीस वापरणार नाही. कागद व आतील प्लॅस्टिकचे अस्तर वेगळे केले तर दोन्ही रद्दीत जातात. पुन्हा वापरावयाची पिशवी परत आल्यास ती फुगवून रात्रभर ठेवावी व सकाळी दाब मोजावा. दोन्ही वेळची उष्णता सारखी नसते, तेव्हा थोडी घट दिसली म्हणून लगेच ती टाकून देऊ नये, दुपारी पुन्हा मोजून पाहावे.