शेतकीखात्याचा उद्देश आणि गुलटेकडीची पट्टी

कोणत्याही सरकारी खात्याचा उद्देश काय, हें जाणावयाचें असेल तर त्याच्या अहवालाची प्रस्तावना वाचूं नये. तें खातें वर्षभर काय मोजतें तें पाहावें, असें आमचें मत आहे. प्रस्तावनेंत सर्वच खातीं लोककल्याणाच्या गोष्टी बोलतात. पण माणूस राबतो तो जें मोजलें जाणार त्याच्यासाठीं. घरांतदेखील मुलास केवळ गुणच विचारले जात असतील तर तो गुणांपुरताच अभ्यास करतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

आपल्या राज्याच्या शेतकीखात्याचें मुख्य ठाणें पुण्यांतच आहे. दर वर्षीं पावसाळ्यापूर्वीं खरिपाच्या आढावा-बैठका भरतात, आणि लक्ष्यांक ठरतात: अमुक पिकाखालीं इतके हेक्टर, बियाणें इतके क्विंटल, खत इतके टन, प्रात्यक्षिकें इतकीं. पुढें लक्ष्यांकाशेजारचा ‘साध्य’ हा रकाना भरला जातो व टक्केवारी निघते. हें काम निरर्थक आहे असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. बियाणें वेळेवर न मिळाल्यास काय होतें, हें मृग नक्षत्रांत दुकानापुढें रांगेंत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यास विचारावें. परंतु या रकान्यांतून खात्यानें काय दिलें तें कळतें. शेतकऱ्यास काय उरलें तें कळत नाहीं.

काय उरलें, याचा कागद गुलटेकडीवर मिळतो. तेथील श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्डांत फळभाजीचा भाव दहा किलोस आणि पालेभाजीचा शेकडा जुडीस बोलला जातो. सौदा झाल्यावर शेतकऱ्याच्या हातीं आडत्याची पट्टी पडते: मालाचें वजन, भाव, एकंदर रक्कम, आणि तींतून वजा होणारा हमाली, तोलाई, गाडीभाडें वगैरे खर्च. फळें व भाजीपाला यांवरील आडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घ्यावी, असा फेरबदल सरकारनें २०१६ सालीं केला, हें योग्यच झालें. तरीही पट्टीच्या तळाचा आंकडा कित्येकदां मन विषण्ण करणारा असतो. फेब्रुवारी २०२३ मध्यें सोलापूरच्या बाजारांत एका शेतकऱ्याच्या ५१२ किलो कांद्यास किलोमागें एक रुपया भाव मिळाला, आणि सर्व खर्च वजा जातां त्याला दोन रुपयांचा धनादेश देण्यांत आला. शेतकीखात्याच्या कोष्टकांत मात्र तोच कांदा ‘उत्पादन’ म्हणून जमेच्या बाजूस पडतो!

याचें एक कारण असें कीं, हेक्टरांचा हिशेब एका खात्याकडे आणि भावांचा दुसऱ्याकडे. पणन हें निराळें खातें. १९८४ सालीं स्थापन झालेल्या राज्याच्या कृषि पणन मंडळाचें कार्यालय याच मार्केट यार्डांत असून, रोजची आवक आणि किमान, कमाल व सरासरी भाव तें प्रसिद्ध करीत असतें. पीक वाढवा म्हणून सांगणारा अधिकारी आणि पीक वाढल्यानें पडलेला भाव नोंदविणारा अधिकारी, दोघेही आपापल्या परीनें कर्तव्यदक्षच असतात.

मोजमाप सुधारतां येत नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. १८८० च्या दुष्काळ-आयोगानें प्रांतोप्रांतीं शेतकीखातीं असावींत अशी शिफारस केली. त्या काळीं पीक आण्यांत सांगत. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आणि अंदाज बहुतेक नजरेचा. १९४० नंतरच्या दशकांत सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे व त्यांचे सहकारी विनायक गोविंद पानसे यांनीं पीक-कापणीच्या प्रयोगांस शास्त्रशुद्ध पाया दिला. शेत निवडावयाचें तें कोणाच्या मर्जीनें नव्हे, तर यदृच्छेनें. त्यांतील ठराविक मापाच्या तुकड्यांतलें पीक कापून तें प्रत्यक्ष तोलावयाचें. अर्थात् जुनी रीत त्यामुळें नाहींशी झाली नाहीं. नाणीं दशमान झालीं तशी आणेवारीची पैसेवारी झाली, आणि ५० पैशांच्या खालीं पीक ठरलें तरच टंचाईच्या सवलती मिळत असल्यानें ४९ व ५१ या दोन आंकड्यांमध्यें कित्येक गांवांचें वर्ष अडकून पडलें.

२०२२ पर्यंत शेतकऱ्यांचें उत्पन्न दुप्पट करण्याचा संकल्प केंद्र सरकारनें २०१६ सालीं सोडला, तेव्हां उद्देशाची भाषा क्विंटलांवरून शेतकऱ्याच्या घरापर्यंत आली म्हणून आम्हांस संतोष वाटला. मुदत भरल्यावर, जुलै २०२२ मध्यें, भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें ७५,००० शेतकऱ्यांच्या यशोगाथा संकलित करून प्रसिद्ध केल्या. त्या खऱ्या असतील, कित्येक स्फूर्तिदायकही असतील. पण निवडून काढलेल्या गोष्टी म्हणजे मोजणी नव्हे, हें सुखात्म्यांच्या देशांत तरी सांगावें लागूं नये. राष्ट्रीय नमुना पाहणीनें मोजणी केली आहे. तीप्रमाणें शेतकरी कुटुंबाचें सरासरी मासिक उत्पन्न २०१२-१३ सालीं ६,४२६ रुपये होतें, तें २०१८-१९ सालीं १०,२१८ रुपये झालें. त्यांत महागाईची वजाबाकी केलेली नाहीं. शिवाय या रकमेंत पिकांचा वांटा ३,७९८ रुपये आणि मजुरीचा ४,०६३. म्हणजे शेतकऱ्याचें घर शेतापेक्षां मजुरीवर अधिक चालत होतें.

हें दृश्य पुण्याच्या परिसरास नवें नाहीं. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवीं घरोघर चौकशी करून १९१७ सालीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. केवळ शेतीवर नीट भागणारीं घरें तेथें फारच थोडीं निघालीं. मॅनसाहेबांनीं घराची आवक, खर्च आणि कर्ज यांचा जमाखर्च मांडला.

शेतकीखात्याच्या वार्षिक अहवालांत ‘साध्य’ या रकान्याच्या पुढें आणखी एक रकाना असावा, एवढीच आमची सूचना आहे. दर हंगामांत प्रमुख बाजारांतील पट्ट्या सुखात्म्यांच्या रीतीनें, यदृच्छेनें निवडाव्यात. त्यांवरची निव्वळ रक्कम आणि तो माल पिकविण्यास आलेला खर्च शेजारीं शेजारीं छापावा. आकडे नामुष्कीचे निघाले तरी छापावेत. त्यासाठीं नवें कार्यालय उघडावयास नको. गुलटेकडीवरील गाळ्यागाळ्यांत त्या पट्ट्यांच्या नोंदी आहेतच.