टाक्यांची तालीम: सुश्रुतापासून उंदरापर्यंत

प्लास्टिक सर्जरीच्या सरावाचा मागोवा घेताना सुश्रुतसंहितेपासूनच निघावे लागते. तिच्या सूत्रस्थानात सरावावर स्वतंत्र अध्याय आहे: छेद घ्यायला भोपळा-काकडी, शीर वेधायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ, टाके घालायला वस्त्र आणि मऊ कातडे, कानाची पाळी जोडायला मऊ मांस. या यादीत जिवंत प्राणी एकही नाही. बारीक रक्तवाहिन्या शिवण्याच्या कामात तो आला विसाव्या शतकात, आणि सकारण आला. सर्जन कारेलने 1902 मध्ये रक्तवाहिन्या शिवण्याची रीत मांडली ती कुत्र्यांवर पारखून. 1960 मध्ये सर्जन जेकबसनने ते काम सूक्ष्मदर्शकाखाली नेले. मग हॅरी बंकी यांनी सशाचा तोडलेला कान पुन्हा जोडला, 1966 मध्ये माकडाच्या पायाचे बोट त्याच्या हातावर बसवले. सुमारे 1 मिलीमीटरची वाहिनी शिवता येते, हे तोवर कोणालाच ठाऊक नव्हते. ते प्राणी एका खऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी गेले. आजच्या विद्यार्थ्याचा प्रश्न वेगळा आहे: हे होते का, असा नव्हे, तर मला जमते का. हा फरक पुसला गेला आणि उंदीर सरावाचे साहित्य होऊन बसला, असे माझे मत आहे.

कायद्याने हा फरक फार आधी ओळखला होता. ब्रिटनच्या 1876 च्या कायद्याने केवळ हात बसावा म्हणून प्राण्यांवर प्रयोग करायला मनाई केली. 1986 मध्ये सवलत मिळाली ती फक्त सूक्ष्मशस्त्रक्रियेला. आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही निव्वळ हस्तकौशल्यासाठी प्रयोग होऊ नयेत, असे कलम आहे. यावर सर्जन म्हणतात, मेलेल्या वाहिनीत रक्त वाहत नाही. ती आकसत नाही, तिच्यात गुठळी होत नाही. आक्षेप खरा आहे, पण तो शेवटच्या पायरीपुरता. नवशिक्याच्या चुका बहुतेक त्याआधीच्या: सुई वाकडी धरली, केसाहून बारीक धागा ओढताना वाहिनीची कड फाटली, समोरच्या भिंतीच्या टाक्यात मागची भिंतही अडकली. दुकानातून आणलेल्या कोंबडीच्या तंगडीतली धमनी शिवावी, रंगीत पाणी सोडून गळती पाहावी, मग ती उभी चिरून आतून टाके तपासावेत. या सगळ्या चुका तिथे उघड्या दिसतात. रुग्णाच्या सुरक्षिततेचा मुद्दाही याच बाजूचा आहे, कारण तंगडीवर ज्याचा हात बसलेला नाही, त्याला भूल दिलेल्या उंदरावर रक्तप्रवाहाचा धडा घेताच येत नाही. म्हणून प्रत्येक प्लास्टिक सर्जरी विभागाने एक सूक्ष्मदर्शक सरावासाठी मोकळा ठेवावा, आणि चिरून तपासलेले निर्दोष जोड दाखवल्याशिवाय कोणाही विद्यार्थ्याच्या हाती जिवंत प्राणी देऊ नये.